पलंग कुणी आणायचा, ते आधी ठरवा

माझ्या पहिल्या कादंबरीत नऊ देव होते. नऊ मुख्य, त्यांच्या हाताखाली सत्तावीस, शिवाय एक शापित देव, ज्याचं नाव घ्यायचं नाही. सगळ्यांची वंशावळ फुलस्केप वहीत लाल-निळ्या शाईने काढलेली. सृष्टी कशी झाली ते चक्क ओवीत लिहिलं होतं, साडेतीनशे ओव्या. दोन वर्षं त्यात गेली. हस्तलिखित प्रकाशकाकडून परत आलं तेव्हा अभिप्राय देणाऱ्याने शेवटच्या पानामागे पेन्सिलीने एवढंच लिहिलं होतं: 'देव पुष्कळ आहेत. देवळात केर कोण काढतं?'

मी इतकी चिडले की ते पान फाडून टाकलं. आता पस्तावते, फ्रेम करून ठेवायला हवं होतं.

नकाशा, राजघराणी, जादूचे नियम, भाषा यांवर मी काही बोलणार नाही, ते तुम्हाला जमत असणार. काल्पनिक जगातला धर्म मात्र बहुतेक जण माझ्यासारखाच चुकवतात, आणि तोही फार मेहनत घेऊन चुकवतात, म्हणून हे लिहितेय.

माझी चूक अशी. मला वाटायचं की धर्म म्हणजे वरून खाली येणारी गोष्ट. आधी देव, मग देवाचं वचन, मग ग्रंथ, ग्रंथातून नियम, नियमांतून पुजारी आणि सगळ्यांत खाली लोक. म्हणून मी वरून लिहीत आले आणि खाली पोचेपर्यंत दमले. परिणाम असा की माझ्या जगातल्या कोळणीला, शिपायाला आणि राजाच्या सुनेला सृष्टीची तीच कथा, त्याच तपशिलांसह, तोंडपाठ होती. तिघंही देवाबद्दल बोलायला लागली की माझी वही वाचून दाखवत. कुणाचं पोट त्या देवावर चालत नव्हतं. कुणाचा अपमान झालेला नव्हता. देवीच्या नावाने कुणी भावाशी अबोला धरलेला नव्हता. असा धर्म वाचकाला पटत नाही. का पटत नाही ते त्याला सांगता येत नाही, तो फक्त पानं उलटतो.

माझं गाव कोकणात. शिमग्याला पालखी घरोघर फिरते, गुरव गाऱ्हाणं घालतो, कौल लावतो. आमची ग्रामदेवता नेमकी कोण, असं मी एकदा तीन म्हाताऱ्यांना विचारलं. एक म्हणाला पार्वतीचं रूप. दुसरा म्हणाला सात बहिणींतली तिसरी. तिसरा म्हणाला, 'असेल कोणतरी, आपल्याला काय करायचंय.' मग विचारलं, पालखीला पहिला खांदा कुणाचा? तिघंही एका दमात एकाच घराचं नाव बोलले. वर, कुठल्या वळणावर खांदा बदलायचा आणि होळीचा पहिला नारळ कुणाचा, हेही सांगितलं. कोकणात अशा मानावरून भांडणं पेटून पालख्या बंद पडतात, शिमग्याला पोलीस बंदोबस्त लागतो. देवी कोण यावरून एकही पालखी अडल्याचं मी ऐकलेलं नाही.

हे तुम्हाला कळलं असेल तर पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल. माणसं देवाच्या स्वरूपाबद्दल ढिली असतात आणि मानाबद्दल काटेकोर. मी बरोबर उलटं लिहिलं होतं.

त्या नकारानंतर मी पोटापाण्यासाठी जुने महसुली अभिलेख स्कॅन करायच्या कंत्राटी कामावर लागले. काम कंटाळवाणं, पंख्याखाली बसून पिवळे कागद सरळ करायचे. पण तिथे जे शिकले ते कुठल्या लेखन-कार्यशाळेत शिकले नसते. सातबाऱ्यावर मालक म्हणून 'श्री देव अमुक' लिहिलेलं असतं. खाली वहिवाटदार म्हणून गुरवाचं नाव. जमीन वर्ग तीनची, म्हणजे देवस्थान इनाम. तिच्या उत्पन्नातून दिवाबत्ती करायची, नैवेद्य करायचा, वाजंत्र्याला द्यायचं. ती सहजासहजी विकता येत नाही. आणि कायदा मूर्तीला अज्ञान मानतो, अज्ञान म्हणजे सज्ञान न झालेलं मूल. जमीन देवाची, सही दुसऱ्याची. त्या 'दुसऱ्या'त किती कादंबऱ्या आहेत बघा. देवाच्या वतीने सही करणारा माणूस प्रामाणिक असेल तर एक गोष्ट, लबाड असेल तर दुसरी, आणि प्रामाणिक असून कर्जबाजारी असेल तर सगळ्यांत चांगली.

मग मला तुळजापूरचा पलंग सापडला. सापडला म्हणजे काय, लहानपणापासून ऐकत होते, लक्ष दिलं नव्हतं इतकंच. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे. नवरात्राआधी देवी निद्रा घेते. दसऱ्याला पालखीतून सीमोल्लंघन होतं, आणि नंतर पलंगावर ती कोजागरीपर्यंत पुन्हा झोपते, श्रमनिद्रा म्हणतात तिला. ही पालखी येते अहिल्यानगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून आणि पलंग येतो पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावहून. म्हणजे देवीला झोपवायला दोन दूरची गावं लागतात, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या येताहेत. देवी का झोपते याची कारणं माणसागणिक वेगळी मिळतील. पलंग कुठून येतो याला उत्तर एकच.

हे लक्षात आल्यावर मी वही बाजूला ठेवली आणि नव्या कादंबरीचा धर्म एका प्रश्नापासून सुरू केला: माझ्या देवीचा पलंग कुणी आणायचा?

नवी देवी नदीकाठची आहे. वर्षातून एकदा ती पलीकडच्या काठावर माहेरी जाते, आणि तिला नेण्याचा मान नावाड्यांच्या चार घरांचा. एरवी त्या घरांना गावात कुणी ओट्यावर बसवत नाही, पण त्या एका दिवशी पुजाऱ्यालासुद्धा त्यांच्या नावेत चपला काढून चढावं लागतं. एवढं ठरल्यावर मी राजाला नदीवर पूल बांधायला लावला. बस्स. पुलावरून देवी रथात जाईल, सुरक्षित, वेळेत, थाटात. पुजाऱ्यांना पूल हवा आहे. व्यापाऱ्यांना हवा आहे. नावाडी काय म्हणणार? आमचा पोटाचा धंदा गेला तरी चालेल, पण तो एक दिवस? सृष्टीच्या उत्पत्तीची एकही ओळ न लिहिता मला चारशे पानांचं भांडण मिळालं. नावाड्यांचा म्हातारा मग आपणहून एक जुनी कथा सांगतो, की देवीने पाण्याखेरीज कुठूनही न जाण्याची शपथ घेतली होती. ही कथा खरंच जुनी आहे की त्याने काल रात्री रचली, हे मी ठरवलेलं नाही आणि ठरवणारही नाही. पुराण भांडणाच्या मागून येतं, हे मला त्या म्हाताऱ्याने शिकवलं.

आता एक सावधगिरी. मान म्हटलं की सगळं पैशावर नेऊन ठेवायचा मोह होतो: पुजारी सगळे लुच्चे, भक्त सगळे भोळे. नवख्या लेखकांचा हा दुसरा खड्डा, आणि यात पडलेल्याला आपण फार धीट लिहितोय असं वाटत असतं. पंढरपूर घ्या. विठ्ठलाचे बडवे, रुक्मिणीचे उत्पात, ही तिथली पिढीजात पुजारी घराणी. त्यांचे वंशपरंपरागत हक्क काढणारा कायदा १९७३ साली झाला, आणि सर्वोच्च न्यायालयात त्या वादाचा निकाल लागला जानेवारी २०१४मध्ये. चार दशकं कुणी नुसत्या दक्षिणेसाठी लढत नाही. 'आम्ही त्याला रोज उठवतो, आंघोळ घालतो' ही भावना पैशात मोजता येत नाही, आणि पैसा नव्हता असंही म्हणता येत नाही. दोन्ही एकाच माणसात ठेवा. त्याच देवळाचं दार अस्पृश्यांना उघडावं म्हणून १९४७मध्ये साने गुरुजी प्राणांतिक उपोषणाला बसले, आणि तेही विठ्ठलाचे भक्तच. तुमच्या धर्माचा सगळ्यांत कडवा टीकाकार बाहेरचा नास्तिक असायची गरज नाही. तो आतला, त्याच देवासमोर रडणारा असला तर प्रसंग जिवंत होतो.

फूट कशी पडते यावरही नवे लेखक फार तात्त्विक होतात. देव एक की दोन, आत्मा मर्त्य की अमर वगैरे. असं होतंही, पण त्याहून जास्त वेळा फूट हाताच्या सवयीवरून पडते. रशियात १६५०च्या दशकात निकॉन या धर्मप्रमुखाने क्रूसाची खूण दोन बोटांऐवजी तीन बोटांनी करायला लावली, 'आलेलुया' दोनदाऐवजी तीनदा म्हणायला लावलं. त्यावरून चर्च दुभंगलं, ते आजतागायत. जुनी रीत सोडायला नकार देणारा अव्वाकुम नावाचा पुरोहित १६८२मध्ये जाळला गेला. हसू नका. दोन बोटं आईने हात धरून शिकवलेली असतात, धर्मशास्त्र कुणी मांडीवर बसवून शिकवत नाही. आणि आपल्याकडे? कॅलेंडरात स्मार्त एकादशी एका दिवशी आणि भागवत एकादशी दुसऱ्या दिवशी, हे आपण साबुदाणा भिजवताना बघतोच की. टिळक पंचांगवाल्यांचे गणपती एखाद्या वर्षी महिनाभर आधी बसून जातात. तुमच्या जगात दोन पंचांगं ठेवा. एवढ्याने निम्मं काम होतं.

पुरोहितही एकाच छापाचे नकोत. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ६ जून १६७४ला गागाभट्टांनी वैदिक पद्धतीने केला, आणि २४ सप्टेंबरला निश्चलपुरी गोसाव्याने तांत्रिक पद्धतीने पुन्हा केला. एक राजा, एक वर्ष, दोन अभिषेक. हे मी कादंबरीत लिहिलं असतं तर तुम्हीच म्हणाला असता की ओढूनताणून आणलंय.

गोव्याबद्दल तर मी थांबणारच नाही, म्हणून थोडंच. मंगेशीचा देव मुळात कुशस्थळीचा. १५६०मध्ये तो पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर, प्रियोळला आला. कुंकळ्ळीची शांतादुर्गा फातर्प्याला गेली, आणि आजही वर्षातून एकदा बारा वांगडांच्या, म्हणजे घराण्यांच्या, बारा छत्र्यांसह कुंकळ्ळीला येते. देव विस्थापित होतात आणि त्यांना जुनं घर आठवतं. तुमच्या नकाशावर एक रिकामं देऊळ ठेवा, ज्याचा देव दुसरीकडे राहतो. का, ते पहिल्या पुस्तकात सांगूसुद्धा नका.

आता माझी थोडी कुरकुर ऐका. बटण दाबलं की देव, चिन्ह, सण, निषिद्ध अन्न असा तयार धर्म देणारी साधनं सध्या फार आहेत. वापरून बघितलीत तर मी रागावणार नाही, मीही बघितली. त्यातून यादी मिळते आणि यादीला नातेवाईक नसतात. दोनशे प्रश्नांच्या 'जगनिर्मिती प्रश्नावली'चंही तेच. आणि मार्गदर्शक निवडताना एवढंच विचारा की यांची शेवटची कादंबरी पुरी झाली का. माझ्या एका मार्गदर्शकांनी मला आठ महिने तुलनात्मक धर्मशास्त्र वाचायला लावलं. त्यांची स्वतःची कादंबरी, मी त्यांना ओळखते तेव्हापासून, तिसऱ्या प्रकरणावर आहे. वाचन वाईट नाही हो. पण त्याऐवजी एक जत्रा सकाळी चारपासून रात्रीपर्यंत बघा. देवळाच्या मागच्या बाजूला बसा, जिथे भांडी घासतात. तिथे जे ऐकाल ते ग्रंथात नाही.

नावांचं एका वाक्यात: 'झ्'थार्‌रून' असली नावं ठेवू नका आणि 'महातेजोमयेश्वर'ही नको. आपल्या लोकांनी वाघजाई, म्हसोबा, मरीआई अशी, शेतातून हाक मारता येतील अशी नावं ठेवली आहेत. मरीआईवरून आठवलं. पटकी, म्हणजे कॉलरा, आली की गाव मरीआईचा गाडा करून वेशीबाहेर ढकलायचं, म्हणजे शेजारच्या गावाच्या दारात. शेजारचं गाव काय करत असेल? ही कथा मी अजून लिहिलेली नाही, तुम्ही लिहिलीत तरी हरकत नाही.

तुमच्या वहीतही वंशावळ असेल तर घाबरू नका. फेकू नका. माझे सगळे देव कपाटात आहेत आणि त्यांतला शापित देव नव्या कादंबरीत एका नावाड्याच्या शिवीत आला आहे, तेवढाच. पण खरं सांगते, दोन वर्षं गेली ती गेलीच. ती परत मिळत नाहीत आणि 'कुठलाही अनुभव वाया जात नाही' हे म्हणणाऱ्यांनी साडेतीनशे ओव्या लिहिलेल्या नसतात.

मागच्या महिन्यात गावी आत्याला नव्या कादंबरीतली मिरवणूक वाचून दाखवली. नाव, पाणी, मशाली, माहेरच्या काठावर देवीला उतरवणं, सगळं. माझा आवाज जरा भरून आला होता. ती पोह्यातले खडे वेचत ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, 'माहेरी गेली ना ती? मग तिकडे तिची ओटी कोण भरतं?'

पूल त्या प्रकरणात तसाच अर्धा बांधून उभा आहे. मी पलीकडच्या काठावर एक घर शोधतेय.