घरोघरच्या नोंदींसाठी टॅब घेताय? या चुका टाळा

ठाण्याच्या किसन नगरात मे महिन्यातल्या एका दुपारी आमच्या पथकातली एक ताई प्रत्येक प्रश्नासाठी ओढणी पुढे ओढून टॅबवर सावली धरत होती, प्रश्न वाचत होती आणि उत्तर ऐकण्यासाठी ओढणी पुन्हा मागे सारत होती. एका कुटुंबासाठी १२ मिनिटे धरलेली होती. तिला २२ लागत होती. संध्याकाळच्या बैठकीत काम मागे पडल्याचा ठपका तिच्यावर आला आणि तो सरळसरळ अन्याय होता. ठाणे आणि नवी मुंबईतल्या सर्वेक्षणांच्या कामात माझे मत असे पक्के झाले आहे की, ज्या चुका आपण नोंद घेणाऱ्या माणसाच्या नावावर टाकतो, त्यांतल्या बऱ्याचशा टॅब निवडतानाच होऊन गेलेल्या असतात.

दुकानातल्या दिव्याखाली स्क्रीन पसंत करणे

स्क्रीनचा उजेड निट्समध्ये मोजतात. स्वस्त टॅबमध्ये तो साधारण ३०० ते ४०० निट्स असतो आणि चार भिंतींच्या आत तेवढा भरपूर वाटतो. पण उघड्या उन्हात निदान ६०० निट्स नसतील तर अक्षर लागत नाही, आणि बाहेरच्या कामासाठीच बनवलेल्या दणकट टॅबमध्ये तो १००० निट्सच्या आसपास ठेवलेला असतो. त्यातच टॅब तापला की तो स्वतःला वाचवण्यासाठी उजेड आपोआप कमी करतो, त्यामुळे सकाळी स्वच्छ दिसणारी स्क्रीन दुपारी त्याच गल्लीत अंधारते आणि माणूस सेटिंगमध्ये दोष शोधत बसतो. टॅब आधीच घेऊन झाले असतील तर डार्क मोड बंद करावा, पांढऱ्यावर काळी ठळक अक्षरे ठेवावीत, चकाकणारा स्क्रीन गार्ड काढून मॅट गार्ड लावावा आणि उष्णता कोंडून धरणारे जाड काळे कव्हर उन्हाळ्यापुरते तरी बाजूला ठेवावे.

‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर विसंबून राहणे

आयपी ६७ या दर्जाचा अर्थ एवढाच की धूळ आत जात नाही आणि १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे राहिला तरी टॅब बिघडत नाही. ओल्या काचेवर बोट नीट ओळखले जाईल, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. हे स्क्रीन बोटामुळे होणारा विद्युतभारातला बदल ओळखतात आणि पाण्याचा थेंबही तसाच बदल घडवतो, म्हणून थेंब पडला की बटण आपोआप दाबले जाते. तुर्भ्याच्या एका वस्तीत जुलै महिन्यात पागोळ्यांखाली उभे राहून भरलेल्या फॉर्ममध्ये ‘होय’ आणि ‘नाही’ यांच्यात जेमतेम बोटभर अंतर होते, आणि ‘घरात नळ आहे का’ या प्रश्नाची कितीतरी उत्तरे आम्हाला पुन्हा घरी जाऊन विचारावी लागली. खरेदी करताना ओल्या काचेवर चालणाऱ्या टचची सोय आहे का, हे वेगळे विचारावे. फॉर्ममध्ये एका पानावर एकच प्रश्न आणि उत्तरांची बटणे मोठी व दूर दूर ठेवावीत. आणि पथकातल्या प्रत्येकाकडे कोरडा सुती रुमाल असावा. भिजलेला टॅब चार्जिंगचे भोक पूर्ण वाळल्याशिवाय चार्जिंगला लावू नये.

जीपीएस आहेच असे गृहीत धरणे

ही मला सर्वांत महाग पडलेली चूक आहे. दिघ्यातल्या एका सकाळच्या ३८ नोंदी नकाशावर एकाच ठिपक्यावर बसलेल्या निघाल्या आणि मुलांनी चहाच्या टपरीवर बसून फॉर्म भरले, असा संशय घेतला गेला. प्रत्यक्षात ३८ घरांचे ३८ वेगवेगळे फोटो त्याच नोंदींत होते. टॅब फक्त वाय-फायवर चालणारे होते. अशा अनेक मॉडेलांमध्ये जीपीएसचा रिसीव्हरच नसतो (आयपॅडच्या केवळ वाय-फायवाल्या मॉडेलांतही तो नसतो), आणि टॅब आसपासच्या वाय-फायवरून अंदाजाने जागा सांगतो किंवा शेवटची माहीत असलेली जागाच पुन्हा पुन्हा देत राहतो. त्या मुलांची माफी मागावी लागली, आणि ती मागायलाच हवी होती.

म्हणून सिमकार्ड चालणारे मॉडेल घ्यावे आणि तपशीलपत्रकात जीपीएसचा उल्लेख स्वतः वाचावा. एल १ आणि एल ५ अशा दोन लहरींवर चालणारा रिसीव्हर मिळत असेल तर थोडे जास्त पैसे मोजावेत, कारण घोडबंदर रोडच्या टॉवरांमध्ये किंवा पारसिकच्या डोंगराच्या कुशीत उपग्रहाचा संदेश भिंतींवर आणि कड्यांवर आपटून उशिरा पोहोचतो व जागा सरकते. दुसरी लहर असली की ही फसगत बरीच कमी होते. पत्र्याच्या छपराखाली मात्र कोणताच टॅब चमत्कार करत नाही, तेथे दाराबाहेर येऊनच जागेची नोंद घ्यावी. ओडीके कलेक्टसारख्या फॉर्म भरण्याच्या ॲपमध्ये अचूकता ५ मीटरपर्यंत आली की नोंद आपोआप घेतली जाते, पण दाट चाळीत ती मर्यादा गाठलीच जात नाही आणि माणूस ताटकळत उभा राहतो. अशा वस्तीसाठी मर्यादा १० ते १५ मीटरवर ठेवणे जास्त प्रामाणिक ठरते.

कॅमेरा उघडल्यावर फॉर्म गायब होणे

२ किंवा ३ जीबी रॅमच्या टॅबमध्ये कॅमेरा उघडला की जागा करण्यासाठी अँड्रॉइड मागचे ॲप बंद करून टाकते. फोटो काढून परत यावे तर फॉर्म पहिल्या पानावर, आणि २० मिनिटे उत्तरे देऊन दमलेली आजी समोर बसलेली. तिला सगळे पुन्हा विचारण्याचा संकोच काय असतो, हे खरेदीच्या टेबलावर कळत नाही. निदान ४ जीबी, शक्य असल्यास ६ जीबी रॅम घ्यावी. हातात कमी रॅमचेच टॅब असतील तर नोंदीच्या ॲपसाठी बॅटरी बचतीची सोय बंद करावी, बाकीची ॲप काढून टाकावीत आणि फॉर्ममध्येच फोटोचा आकार साधारण १०२४ पिक्सेलवर बांधून द्यावा. येऊरच्या पाड्यांवर काम असेल तर हे छोटे फोटो संध्याकाळी रेंजमध्ये आल्यावर पटकन चढतातही.

बॅटरीचा नुसता आकडा पाहणे

१०,००० एमएएचची पॉवर बँक टॅबला तेवढे कधीच देत नाही; आतला व्होल्टेज वाढवून देताना होणारी घट धरली तर हाती साधारण ६,००० ते ६,५०० येते. शिवाय लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर तापली की चार्ज होणे थांबते, त्यामुळे स्कूटरच्या डिकीत किंवा उन्हातल्या पाठपिशवीत ठेवून चार्जिंग करण्यात अर्थ नाही. वजनाचेही तसेच आहे: १० इंची टॅब अर्ध्या किलोच्या आसपास भरतो आणि तो दिवसभर डाव्या हातावर पेलायचा असतो. घरोघरच्या कामाला ८ इंची टॅब आणि मागे हाताचा पट्टा पुरतो.

मराठी टायपिंगची परीक्षा न घेणे

टॅबवर ‘कऱ्हाडकर’, ‘म्हात्रे’, ‘भोईर’ आणि ‘कोपरखैरणे’ हे चार शब्द पथकातल्या सर्वांत कमी सराव असलेल्या माणसाकडून लिहून घ्यावेत. यातला ‘ऱ’ संगणकात दोन तऱ्हांनी साठवला जातो, एका अखंड अक्षराने किंवा ‘र’खाली नुक्ता (टिंब) देऊन, डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधताना एक सापडतो आणि दुसरा राहून जातो, आणि एकाच कुटुंबाची दोनदा नोंद होते. सगळ्या टॅबवर एकच कीबोर्ड बसवला की हा घोळ बराचसा संपतो. पाडा, प्रभाग, गावठाण यांची नावे तर टाइप करायलाच लावू नयेत, यादीतून निवडायला द्यावीत.

जुन्या साठ्यातले टॅब स्वस्त मिळतात, तेव्हा सेटिंगमध्ये शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख पाहावी. लोकांचे आजार, उत्पन्न, फोन क्रमांक आपण घेऊन फिरतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ या माहितीच्या सुरक्षिततेची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावर टाकतो. स्क्रीन लॉक आणि हरवलेला टॅब दुरून पुसून टाकण्याची सोय पहिल्या दिवशीच चालू करावी.

ठोक मागणी देण्याआधी एकच टॅब विकत घ्यावा आणि दोन दिवस तो पथकातल्या माणसाच्या हातात द्यावा, साहेबांच्या नव्हे. दुपारी १ ते ३ या वेळेत खऱ्या गल्लीत खरा फॉर्म भरून घ्यावा, काचेवर पाण्याचे थेंब शिंपडून पुन्हा भरून घ्यावा, मध्येच दहा फोटो काढायला लावावेत आणि संध्याकाळी त्या माणसाला काय खटकले ते शांतपणे लिहून घ्यावे. मग २० जणांच्या पथकासाठी त्याच मॉडेलचे २२ टॅब मागवावेत, म्हणजे एखादा बिघडला तरी कोणाला कागदावर नोंदी घेऊन रात्री त्या पुन्हा भरत बसावे लागणार नाही.