मोपा की दाबोळी? गोव्यात विमानतळाची गाडी ठरवताना

गोव्यात विमानतळाची गाडी ठरवायची तर भाडं नंतर विचारायचं. आधी विचारायचं, कुठला विमानतळ? जानेवारी 2023 पासून इथे दोन आहेत. वास्कोजवळचा जुना दाबोळी आणि पेडणे तालुक्यातला मोपा, म्हणजे मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ. दोहोंत रस्त्याने साठेक किलोमीटरचं अंतर आहे. तिकीट काढणाऱ्याला ‘गोवा’ एवढंच दिसतं आणि पुण्याहून निघालेले काका-काकू मोप्याला उतरतात, तेव्हा गाडी दाबोळीच्या पार्किंगमध्ये उभी असते. ही चूक रोज कुणाची तरी होते. तिकिटावरचा तीन अक्षरी कोड बघा: जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. शेवटी एक्स दिसला की मोपा. जायचं-यायचं तिकीट एकत्र काढलं असेल तर दोन्ही बाजू तपासा, कारण येताना एक आणि परतताना दुसरा असंही होतं.

विमानतळ कळला की अंतराचा अंदाज येतो. दाबोळीहून मडगाव साधारण 25 किलोमीटर, पणजी 30 च्या आत-बाहेर, कळंगुट 40 च्या वर, फोंडा 40 च्या आसपास आणि काणकोणचं पाळोळे 65 च्या जवळ. मोप्याहून म्हापसा वीस-बावीस, पणजी 35, मडगाव 65 आणि पाळोळे शंभरीच्या घरात. बांदा आणि सावंतवाडीकरांना मोपा अगदी दाराशी आहे. दक्षिण गोव्यात मुक्काम असणाऱ्याने तिकीट शे-दोनशे रुपयांनी स्वस्त म्हणून मोपा निवडला, तर ते पैसे गाडीत दुपटीने जातात. तिकीट काढण्याआधीच गाडीचं भाडं विचारून घ्या, मग दोन्ही बेरजा करा.

वेळेचा हिशेब किलोमीटरवर चालत नाही. झुआरीचा नवा पूल 2022 च्या डिसेंबरात उघडला तेव्हापासून दाबोळी-पणजी वाट बरीच सुटली. कुठ्ठाळीला तासतासभर अडकायचे दिवस गेले. उत्तरेकडचं दुखणं पर्वरीला आहे. तिथे सकाळी नऊच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला गाड्या रांगा लावतात. मोपा-पणजी रात्री पन्नास मिनिटांत होतं, तेच संध्याकाळी दीड तास खातं. महामार्गावर धारगळहून मोप्याकडे वळणारा उन्नत जोडरस्ता 2024 मध्ये सुरू झाला, त्यामुळे शेवटचा टप्पा तरी आता सरळ आहे. कार्निव्हलला, शिगम्याच्या मिरवणुकीला आणि नोव्हेंबरात इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या दिवसांत पणजीतले रस्ते बंद असतात किंवा वळवलेले असतात. त्या दिवशी अर्धा तास जास्तच धरा.

गाडी मिळण्याच्या वाटा मुळात चार. दोन्ही विमानतळांवर बाहेर पडताच टॅक्सीचे काउंटर आहेत. तिथे ठरलेल्या दराची पावती फाडून मिळते. गोवामाईल्स या गोव्यातल्या टॅक्सीसेवेची गाडी अॅपवरून किंवा तिच्या काउंटरवरून घेता येते. हॉटेल किंवा होमस्टेवाला आपल्या ओळखीची गाडी पाठवतो. आणि चौथी, ओळखीचा टॅक्सीवाला थेट फोनवर ठरवायचा. ओला-उबरच्या भरवशावर मात्र उतरू नका. मुंबई-पुण्याच्या सवयीने पाहुणे अॅप उघडून बसतात आणि अर्धा तास तिथेच जातो.

दिवसाढवळ्या एकटा-दुकटा माणूस उतरत असेल तर आगाऊ गाडी ठरवायची गरज नाही, काउंटर पुरे. आगाऊ ठरवा ती चार प्रसंगांत: मध्यरात्रीनंतर उतरणार असाल, सोबत वयस्कर किंवा लहान मुलं असतील, सहाच्या वर माणसं असतील किंवा चवथ, नाताळ, नववर्ष असेल. चवथीला बाहेरच्यांना नवल वाटतं. नाताळात गाड्या महाग होतात, चवथीला गाड्याच नसतात, कारण चालवणारे आपापल्या गावी गणपतीपुढे बसलेले असतात. त्या दोन-तीन दिवसांसाठी आठवडाभर आधी बोलून ठेवा.

भाडं विचारताना ‘पणजीला किती?’ असं विचारलं की आकडा छोटा येतो. ‘सगळं धरून किती?’ असं विचारा आणि ‘सगळं’ म्हणजे काय ते मोजून घ्या: विमानतळाचं पार्किंग, रात्रीचा आकार, थांबण्याचा आकार, टपावर कॅरिअर लागला तर त्याचे पैसे आणि वाटेत एखादा थांबा. ‘वाटेत मंगेशीला दहा मिनिटं दर्शन’ हा थांबा भाडं ठरल्यावर गाडीत बसून सांगितला की कुरबूर होणारच, कारण मंगेशीतली दहा मिनिटं कधी दहा नसतात.

भाडं जास्त का वाटतं, त्यालाही कारण आहे. गोव्यात टॅक्सी स्टँडनिहाय चालते. दाबोळीची गाडी तुम्हाला कळंगुटला सोडून तिथलं गिऱ्हाईक उचलू शकत नाही, तिथल्या स्टँडवाल्यांचा तो धंदा. ती रिकामी परतते आणि त्या परतीचं पेट्रोल तुमच्या भाड्यात असतं. म्हणूनच येणं-जाणं एकाच गाडीवाल्याला दिलं तर घासाघीस करायला जागा असते, एकेरी फेरीत फारशी नसते. हेच गणित हॉटेलच्या दारातही लागू पडतं. परतीच्या दिवशी बाहेरची किंवा अॅपची गाडी बोलावली की हॉटेलपाशी उभे असलेले टॅक्सीवाले हरकत घेतात, कधी आवाज चढतो आणि विमान तुमचं असतं. आदल्या दिवशी रिसेप्शनवर विचारा, बाहेरची गाडी आत येऊ देतात का? नसेल तर त्यांच्याच स्टँडची घ्या किंवा सामान घेऊन मुख्य रस्त्यावर उभं राहायची तयारी ठेवा.

गाडी कुठली हे माणसांवर ठरवतात, ठरायला हवी सामानावर. अर्टिगा सात जणांची म्हणतात. पण तिन्ही रांगा उघड्या असताना मागे 209 लिटरची जागा उरते आणि एक मोठी चाकांची बॅग शंभर लिटरच्या आसपास असते. म्हणजे सहा माणसं आणि दोन मोठ्या बॅगा, तिसरी कुणाच्या तरी मांडीवर. चार माणसं असतील तर मागची रांग पाडून हीच गाडी ऐसपैस होते. डिझायरसारख्या गाडीत डिकी मोठी दिसते, पण सीएनजीची टाकी असेल तर निम्मी जागा तिनेच खाल्लेली असते. ‘सीएनजी आहे का?’ हा प्रश्न फोनवरच विचारा. सहा माणसं आणि सहा मोठ्या बॅगा असतील तर इनोव्हालाही टपावर कॅरिअर लागतो, आणि जून ते सप्टेंबरमध्ये कॅरिअरसोबत ताडपत्री आहे ना, हेही विचारायचं. नाहीतर म्हापशापर्यंत बॅगेतले कपडे धुऊन निघतात.

गाडी समोर आली की नंबरपाटी बघायला एक क्षण लागतो. पिवळ्यावर काळी अक्षरं म्हणजे टॅक्सी. हिरव्यावर पिवळी अक्षरं म्हणजे विजेवरची टॅक्सी. काळ्यावर पिवळी अक्षरं असतील तर ती स्वतः चालवायला भाड्याने देतात ती गाडी. पांढऱ्यावर काळी म्हणजे खासगी, आणि ती कुणी भाड्याने आणली असेल तर अपघातात विमा कंपनी हात वर करू शकते. ‘माझ्या मेव्हण्याची गाडी आहे, दोनशे कमी द्या’ हा सौदा तेवढ्यासाठी टाळा.

आता खरं काम: निरोप. बहुतेक घोटाळे भाड्यात होत नाहीत, निरोपात होतात. सर्वांत मोठा घोटाळा मध्यरात्रीच्या तारखेचा. विमान 00:40 ला उतरणार, तिकिटावर 19 तारीख. घरचे म्हणतात ‘शुक्रवारी रात्री येतायत’, गाडीवाला 19 ऐकतो आणि शनिवारच्या रात्री हजर होतो, पाहुणे मात्र चोवीस तास आधी येऊन गेलेले असतात. म्हणून दोन्ही वार लिहा. व्हॉट्सअॅपवर एवढं गेलं पाहिजे:

‘भाऊ, 18 शुक्रवार संपून 19 शनिवार लागतो त्या रात्री 12:40. मोपा विमानतळ. पुण्याहून येणारं विमान, नंबर खाली तिकिटाच्या फोटोत. माणसं 4, मोठ्या बॅगा 3, एक व्हीलचेअर (घडी होते). जायचं कवळे, शांतादुर्गा देवस्थानाजवळ, नकाशावरची पिन पाठवली आहे. सगळं धरून ठरलेलं भाडं लिहून पाठवा. पाहुण्यांचे दोन फोन आणि माझा एक खाली देतो.’

विमानाचा नंबर दिला की चालक उशीर स्वतः बघतो. त्याच्याकडून विचारून घ्यायचं एवढंच, की किती वेळ फुकट थांबणार आणि तो वेळ कुठून मोजणार: वेळापत्रकातल्या वेळेपासून की चाकं टेकल्यापासून? देशांतर्गत विमानातून बॅगा घेऊन बाहेर यायला चाकं टेकल्यावर 35 ते 45 मिनिटं जातात. परदेशातून आलं तर इमिग्रेशन, कस्टम धरून तास-सव्वा तास. चालकाला ‘उतरलो’ असा फोन विमानातून करू नका. तो लगेच गाडी घेऊन वर येतो, तिथे थांबू देत नाहीत, फेरी मारून परत पार्किंगला जातो आणि त्याचं पुन्हा पार्किंग लागतं. बॅग हातात आली की फोन करा. परदेशी नंबर घेऊन येणाऱ्यांची अडचण वेगळी: विमानतळाच्या वायफायला ओटीपी लागतो आणि तो परदेशी नंबरवर येईलच असं नाही. त्यांना गाडीचा नंबर, चालकाचं नाव आणि भेटायची जागा आदल्या दिवशीच पाठवून स्क्रीनशॉट काढायला सांगा.

पत्त्याचं सांगायचं तर गोव्यातला घर नंबर टपालवाल्यालाच कळतो. वाडा, कपेल (छोटं चर्च), खुरीस (क्रूस), पिंपळ, तिंटो (बाजाराचा चौक), कोपऱ्यावरचा बार, अशीच खूण सांगावी लागते, आणि पिन त्यासोबत पाठवायची, त्याऐवजी नाही. गावाचं नाव तालुक्यासकट लिहा. कोलवा सासष्टीत, कोलवाळ बार्देशात. केरी तर पेडण्यात आहे, सत्तरीत आहे आणि फोंड्यातही आहे. शिरोडा फोंड्याचा आणि वेंगुर्ल्याचा असे दोन. मोप्याहून वेंगुर्ल्याच्या शिरोड्याला जायचं असेल तर राज्याची हद्द ओलांडायची आहे हे आधीच सांगा, परवान्याचा प्रश्न येतो. दिवाडीला गाडी फेरीबोटीनेच जाते, रात्रीची शेवटची फेरी चुकली तर पाहुणे धक्क्यावर. पणजीत फोंताइन्हासच्या काही गल्ल्यांत इनोव्हा शिरत नाही, शेवटचं शंभर मीटर बॅगा ओढाव्याच लागतात.

पैसे आगाऊ पूर्ण देऊ नका. दहा-वीस टक्के बयाणा ठीक, तोही यूपीआयवर पाठवण्याआधी समोर येणारं नाव वाचून. चकचकीत वेबसाइटवर ‘गोवा एअरपोर्ट टॅक्सी’ असं लिहिलेलं असलं तरी गाडीचा नंबर आणि चालकाचा फोन निदान सहा तास आधी देत नसतील, तर ते मधले दलाल आहेत आणि ऐनवेळी कुणाला तरी शोधणार आहेत. बयाणा देतानाच रद्द करण्याचं बोलून ठेवा. पावसाळ्यात विमान उतरू न शकल्याने दुसऱ्या शहरात नेलं, तर बयाणा परत की पुढच्या फेरीत धरणार? हे आधी ठरलं नसेल तर त्या रात्री कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं.

परतीचा हिशेब उलटा मांडायचा. समजा मोप्याहून सकाळी 6:10 चं विमान आणि राहायला मडगाव. बॅग द्यायचा काउंटर बहुतेक कंपन्यांचा तासभर आधी बंद होतो, म्हणजे 5:10. रांगेसाठी पाऊण तास धरा: 4:25 ला दारात. पहाटे रस्ता मोकळा असला तरी मडगाव-मोपा दीड तास. निघायचं 2:55 ला, आणि सामान चढवायला पंधरा मिनिटं, म्हणून गाडी दारात 2:40 ला. पणजीहून हीच वेळ 3:20 वर येते. दाबोळीचं विमान असेल तर मडगावकर 3:25 ला गाडी बोलावूनही पोचतो. सामानात सुकी मासळी असेल तर ती डब्यात, मग पिशवीत, मग बॅगेत. वास सुटणारा थर्माकोलचा खोका चालक डिकीत घेत नाही आणि त्याचं काही चुकत नाही, त्याला पुढचं भाडं करायचं असतं.

पहाटेच्या गाडीसाठी आदल्या रात्री नऊला ‘उद्या 2:40, नक्की ना?’ असा निरोप टाका. दहापर्यंत उत्तर आलं नाही तर फोन करा. साडेदहापर्यंत फोन उचलला नाही तर दुसरी गाडी बघा, कारण त्या वेळेला ती अजून मिळते, दोन वाजता मिळत नाही.