कॉम्प्रेशन स्टॉकिंग घालताय? निदान या चुका तरी टाळा

"सिस्टर, स्टॉकिंगचा काही उपयोग नाही हो." पायांवर दाब देणाऱ्या त्या घट्ट, लांब मोज्यांबद्दल हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता वाद घालत नाही. शिरांच्या विकारांच्या ओपीडीत पाय मोजण्यात बरीच वर्षं गेली. मी एवढंच म्हणते, "माझ्यासमोर घालून दाखवा." घोळ कुठे आहे ते बहुतेक वेळा पहिल्या मिनिटातच कळतं.

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक म्हणजे वरची कड दुमडणं.

एक निवृत्त गृहस्थ होते. पाय जड होतात, संध्याकाळी घोटे सुजतात, म्हणून गुडघ्यापर्यंतचं स्टॉकिंग दिलं होतं. तीन आठवड्यांनी आले ते तणतणतच, सूज उलट वाढली म्हणून. पँट वर केली तर गुडघ्याखाली कड चांगली तीन बोटं दुमडलेली! "लांब होतं, मग घडी घातली. छान घट्ट बसतं." स्टॉकिंग उतरवलं तेव्हा पोटरीवर गोल खाच पडलेली, करंगळी आडवी बसेल एवढी. खाचेच्या खाली पाय फुगलेला, वर नेहमीसारखा. त्यांनी स्वतःच्या हाताने पायाला दोरी आवळली होती, आणि तीही रोज सकाळी न चुकता.

पायातलं रक्त वर ढकलतात पोटरीचे स्नायू, आणि ते परत खाली येऊ नये म्हणून शिरांमध्ये झडपा असतात. झडपा निकामी झाल्या की रक्त खाली साचतं. म्हणून स्टॉकिंग घोट्यापाशी सगळ्यात घट्ट आणि वर जाईल तसं सैल विणलेलं असतं. ही कल्पना रुळवणारे कॉनराड जोब्स्ट पेशाने इंजिनियर. त्यांच्या स्वतःच्याच पायाच्या शिरा बिघडलेल्या होत्या, आणि पोहण्याच्या तलावात उभं राहिलं की आराम पडतो हे त्यांच्या लक्षात आलं. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो, म्हणजे पावलांवर जास्त, वर कमी. आता कड दुमडली की काय होतं? कापडाचे दोन थर, जवळजवळ दुप्पट दाब, आणि तोही जिथे सगळ्यात कमी हवा नेमका तिथे. सगळं गणितच उलटं.

स्टॉकिंग 'लांब' होतं ते बहुतेक वेळा वरून खेचल्यामुळे. कापड ताणून वर गोळा केलेलं असतं. हाताच्या तळव्यांनी ते हळूहळू खाली सरकवा, सगळीकडे सारखं पसरवा. कड गुडघ्यामागच्या लवणीच्या दोन बोटं खाली यायला हवी. एवढं करूनही उरत असेल तर लांबीच चुकली आहे, बदलून घ्या. त्या गृहस्थांना आखूड लांबीचं लागत होतं, एवढीच गोष्ट होती.

दुसरी चूक मापाची, आणि ही मी स्वतःही केली आहे. उभ्याने बारा तासांची ड्यूटी संपवून, त्याच सुजलेल्या पायांवर टेप लावून मी माझी पहिली जोडी घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती घोट्यावर गोळा होऊन बसली. रोज दुसऱ्यांचे पाय मोजणारी बाई! माप सकाळी, उठल्या उठल्या घ्यायचं, सूज चढायच्या आत. घोट्याच्या हाडाच्या जरा वर, पाय सगळ्यात बारीक असतो तिथला घेर. पोटरीचा सगळ्यात जाड घेर. जमिनीपासून गुडघ्याच्या लवणीपर्यंतची उंची. मांडीपर्यंतचं हवं असेल तर मांडीचा घेरही. दोन्ही पाय वेगवेगळे मोजा, फरक असतो. मग ते आकडे त्या-त्या कंपनीच्या तक्त्यावर बघा, कारण एकीचा 'मीडियम' दुसरीचा 'लार्ज' असू शकतो. बुटाचा नंबर सांगून स्टॉकिंग मागणाऱ्यांना काय बोलावं कळत नाही. पोटरी आणि घोटा एकाच साइझमध्ये बसतच नसतील तर मापावर बनवून मिळतात. वेळ लागतो, पण तेच घ्या.

खरेदीला जाताना चिठ्ठीवर नुसतं 'स्टॉकिंग' असेल तर डॉक्टरांकडे परत जा. दाब किती, लांबी कुठपर्यंत, बोटं उघडी की बंद, हे लिहून घ्या. सर्जिकल दुकानातून घ्या नाहीतर ऑनलाइन, पण बघायचा तो खोक्यावरचा एमएमएचजीचा, म्हणजे दाबाचा आकडा, 'क्लास' ही दाबाची श्रेणी नव्हे. ब्रिटिश पद्धतीत क्लास 2 म्हणजे 18 ते 24, जर्मन पद्धतीत 23 ते 32. 15 ते 20 हा दाब सौम्य, दिवसभर उभं राहणाऱ्यांना आणि लांबच्या प्रवासाला चालतो. त्यापुढचं मनाने घेऊ नका.

शेजाऱ्याला गुण आला म्हणून त्याचीच जोडी मागून घालणारेही भेटतात. पायाच्या धमन्याच अरुंद असतील तर स्टॉकिंगने पाय वाचत नाही, धोक्यात येतो. चालताना पोटरीत गोळे येत असतील, बोटं गार किंवा पांढरी पडत असतील, मधुमेहाने पाय बधिर असतील, तर आधी तपासणी. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून गुणोत्तर काढतात, ते 0.5 च्या खाली असेल तर स्टॉकिंगचं नावसुद्धा काढू नका. आणि एकच पाय अचानक सुजून दुखायला लागला तर स्टॉकिंग न शोधता त्याच दिवशी डॉक्टर गाठा, आत रक्ताची गुठळी असू शकते.

ऑपरेशननंतर हॉस्पिटलात घातलेले पांढरे मोजे घरी आणून महिनोन् महिने वापरू नका. ते पडून असलेल्या पेशंटसाठी असतात.

आता घालण्याबद्दल. घाईच्या माणसाला हे जमत नाही, हे मी तोंडावर सांगते. साध्या मोज्यासारखं गोळा करून ओढलंत तर नखं लागून फाटेल, आणि दोष स्टॉकिंगला. हात आत घाला, टाच चिमटीत धरा, टाचेपर्यंतचा भाग उलटा करा. पाऊल आत सरकवा, टाच टाचेत नीट बसू द्या, मगच उरलेलं पायावर उलटवत वर न्या. मी भांडी घासायचे रबरी हातमोजे घालते, कापड त्यांनी अलगद वर सरकतं. पाय ओला नको. क्रीम रात्री लावा, सकाळी नको. तेलकटपणाने स्टॉकिंगचं रबर मरतं.

झोपताना काढा, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर. कोमट पाण्यात हाताने धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. दोन जोड्या ठेवा.

आणि चार वर्षं तीच जोडी वापरून 'आता फरक पडत नाही' म्हणू नका. रोजच्या वापरात साधारण सहा महिन्यांत ताण जातो. सहज वर चढायला लागलं की आनंद मानू नका, ते संपलंय. नवी घेताना पुन्हा टेप लावा. दरम्यान सूज उतरलेली असते, वजन बदललेलं असतं. "तोच नंबर द्या" म्हणणाऱ्यांना मी सरळ स्टुलावर बसवते आणि पँट वर करायला सांगते.