ऑनलाइन इंग्रजीच्या वर्गात ताण नकोच? या चुका टाळा

सोलापुरात नर्सिंगच्या मुलींना आणि टॉवेल निर्यातीच्या ऑफिसातल्या पोरांना मी कामापुरतं इंग्रजी ऑनलाइन शिकवतो. सुरुवातीला ताण शून्यावर आणला, ही माझी मोठी चूक. क्विझ कितीदाही सोडवा, मुदत नाही, बोलायची सक्ती नाही. हजेरी शंभर टक्के, पण मोबाईल चालू आणि माणूस चहाला!

अंगावर घ्यावासा वाटणारा ताण वेगळा. ताणाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ हान्स सेल्ये यांनी त्याला 'युस्ट्रेस', म्हणजे चांगला ताण, म्हटलं. तो कुठे, किती, हे मात्र बघावं लागतं. १९०८ मध्ये यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग केले. सोपं काम शिकताना विजेचा जोराचा धक्का चालला, अवघड कामात मध्यमच बरा ठरला. म्हणून नवं वाक्य पहिल्यांदा बोलताना टायमर लावू नका. ते तोंडात बसलं की लावा.

विषयाचंही तेच. 'माझा आवडता सण' यावर कोण जीव तोडून बोलणार? '५०० जीएसएमचा (चौरस मीटरला ५०० ग्रॅम वजनाचा) टॉवेल मागवला, ४५०चा आला' अशी बायरची, म्हणजे खरेदीदाराची, तक्रार द्या आणि पंधरा मिनिटांत उत्तराचा ईमेल मागा. नर्सिंगवाल्यांना ड्युटी बदलताना रुग्णाची माहिती एका मिनिटाच्या व्हॉइस नोटमध्ये सांगू द्या: आत्ता काय झालंय, आधीचं काय, तुमचा अंदाज, पुढे काय करायचं. आपल्या सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ साली चीनला गेले आणि चिनी तिथेच, काम करता करता शिकले. नड असली की जीभ वळते.

ग्रुपवर गुणांची क्रमवारी टाकू नका. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांत तेलुगू, बाहेर मराठी. इंग्रजीचा नंबर त्यानंतर. तळाला नाव दिसलं की पोरगं गप्प. मी दोन महिने हा उद्योग केला, तीन जण कायमचे गेले. चुका खाजगी मेसेजमध्ये सांगा, रेकॉर्डिंग पुन्हा पाठवायची एक संधी द्या.

रेंज जाणं, ॲप अडकणं, नाइट ड्युटीवरून आल्या आल्या मुदत संपणं, हा नुसता वैताग आहे. टास्क सुरू करायला मुदत दोन दिवसांची ठेवा, फाइल हलकी ठेवा.

'सर, असं लिहिलं तर बायर चिडेल का?' असे प्रश्न येऊ लागले की ताण बरोबर बसलाय. 'हे परीक्षेला आहे का?' एवढंच येत असेल, तर टास्क बदला.