लाकडी पेनावर गाठीचा जडाव कसा बसवावा

लाकडी पेनाच्या अंगावर एकमेकींत गुंतलेल्या पट्ट्यांची गाठ दिसते ना, ती कोरलेली नसते. चौकोनी ठोकळा तिरका कापायचा, त्या खाचेत दुसऱ्या रंगाची पातळ पट्टी चिकटवायची, ठोकळा पाव फेरा फिरवून पुन्हा कापायचा, असं चार वेळा. मग लेथवर गोल केला की सरळ पट्ट्यांची आपोआप गाठ होते. हिला ‘सेल्टिक नॉट’ म्हणतात. कृती एवढीच, बिघडते ती बहुतेक वेळा पट्टीची जाडी आणि करवतीची खाच जुळत नाही म्हणून.

त्यामुळे आधी खाच मोजा. पात्याच्या जाडीवर विसंबू नका, कारण खाच पात्याच्या दातांइतकी रुंद पडते आणि पातं जरा जरी डुगडुगलं तरी आणखी रुंदावते. ज्या पात्याने काम करणार, त्यानेच टाकाऊ तुकड्यात खाच पाडा आणि पट्टी घासत घासत तिच्या मापाला आणा. पट्टी बोटाने सरकावली की आत जावी, पण तुकडा उलटा धरला तर पडू नये. ही जाडी साधली की गोंदालाही पुरेशी जागा राहते. पट्टी सैल असेल आणि क्लॅम्प आवळला तर ठोकळा किंचित वाकतो. खाच ०.२ मि.मी.ने मिटली, तर ठोकळ्याचं टोक त्याहून जास्त हलतं, आणि पुढच्या तीन कापांत ही चूक साचत जाते. शेवटी पट्ट्या एकमेकींना भेटतच नाहीत.

दोन-तीन रंग हवे असतील तर गडद-फिकट-गडद व्हीनियर (लाकडाचे पातळ पापुद्रे) आधी एकमेकांवर चिकटवा, वाळू द्या आणि मग एकूण जाडी मोजा.

ठोकळा साधारण १९ मि.मी. चौरस घ्या. तो चारही बाजूंनी सारखा आणि टोकाला गुण्यात, म्हणजे काटकोनात, असायलाच हवा. लांबी १२० मि.मी.च्या आसपास ठेवा, म्हणजे धरायला जागा मिळते. बाजूंवर १ ते ४ आकडे घाला. करवतीवर ४५ अंशांचा सरकता पाट बनवून त्यावर ठोकळा क्लॅम्पने पक्का करा. एवढा लहान तुकडा हातात धरून यंत्रावर कापायचा नाही, यात सूट नाही. पाटावर एक स्टॉपर ठोका आणि प्रत्येक वेळी ठोकळ्याचं तेच टोक त्याला टेकवा. मग चारही काप मधल्या रेषेला एकाच बिंदूत छेदतील.

काप आरपार नेऊ नका. खालच्या बाजूला दीड-दोन मि.मी. लाकूड राहू द्या. त्यानेच दोन्ही भाग एका रेषेत राहतात, आणि लेथवर ते तसंही निघून जातं. पट्टीला आणि खाचेला इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा गोंद) लावून बसवा, हलका क्लॅम्प द्या, दिवसभर थांबा. शिसवासारखं तेलकट लाकूड असेल तर चिकटवण्याआधी अ‍ॅसिटोनने पुसून घ्या. पुढच्या कापाआधी बाहेर आलेली पट्टी आणि गोंद घासून ठोकळ्याशी समतल करा, नाहीतर तो पाटावर तिरका बसेल. घाई होते ती नेमकी इथे.

चौथी पट्टी पक्की वाळली की टोकावर कर्ण आखून मध्य काढा आणि पेनाच्या आत बसणाऱ्या पितळी नळीच्या मापाचं भोक ड्रिलने पाडा. नेहमीच्या बारीक पेनाला ७ मि.मी. चालतं. वेग कमी ठेवा आणि बिट वारंवार बाहेर काढून भुसा झाडा. पट्टी अ‍ॅल्युमिनियमची किंवा पितळेची असेल तर बिट तापतं आणि इपॉक्सी मऊ पडून पट्टी सुटते. भोक मध्यावरून सरकलं तर गाठीची एक बाजू लांबट, दुसरी आखूड दिसते. जादा लांबी भोक पाडल्यावरच कापा. पितळी नळी सँडपेपरने खरखरीत करून इपॉक्सीने बसवा.

लेथवर पटाशी ताजी धार लावलेली हवी आणि काप केसाइतके. नळीवर शेवटी जेमतेम एक-दीड मि.मी. लाकूड उरतं, जोराचा एक काप पट्टी उपटून नेतो. म्हणून शेवटचा थर सँडपेपरनेच काढा: २२०, ३२०, ४००, ६००. प्रत्येक नंबरनंतर लेथ बंद करून लांबीच्या दिशेने एक हात मारा. गडद लाकडाची किंवा धातूची भुकटी शेजारच्या मेपलसारख्या फिकट लाकडात शिरून ते मळकट करते, म्हणून आधीच पातळ सुपर ग्लूचा एक थर द्या आणि भुकटी ओल्या फडक्याने न पुसता ब्रशने किंवा हवेने झाडा. डोळ्यांना चष्मा, नाकाला मास्क हवाच. शिसवाच्या भुशाची अनेकांना अ‍ॅलर्जी होते.

पॉलिशला तेल-मेण सुंदर दिसतं, पण रोज हातात राहणाऱ्या पेनावर ते झिजतं. मी सुपर ग्लूचे पातळ थर देईन, प्रत्येक थर पूर्ण वाळू देऊन.