टॉवेल, बेडशीट, गणवेशाचं सरकारी टेंडर भरताय? या चुका टाळा

सोलापुरात टॉवेलचा किंवा चादरीचा दर काढायला कुणाला शिकवावं लागत नाही. सुताचा भाव, मजुरी, प्रोसेसिंग, हमाली हा हिशेब अक्कलकोट रोडवरचा कारखानदार बोलता बोलता मांडतो. पण सरकारी निविदेत दराचा लिफाफा शेवटी उघडतात. त्याआधी कागदपत्रं, नमुना आणि पोर्टल या तीन चाळण्यांतून पार व्हावं लागतं. माल चांगला आणि दर कमी असूनही बाद होणारे बहुतेक लोक याच तीन जागी अडकतात. म्हणून इथे दराइतकंच त्या तीन जागांबद्दल लिहिलं आहे.

टेंडर कुणाचं आहे, हे न पाहता भरणं

महापालिका, जिल्हा परिषद, राज्य शासनाची कार्यालयं यांच्या निविदा बहुधा महाटेंडर्स या राज्याच्या ई-निविदा पोर्टलवर येतात. मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागाचं काम आयआरईपीएस या रेल्वेच्या पोर्टलवर किंवा जेम या केंद्राच्या सरकारी खरेदी पोर्टलवर असतं. जेमवर केंद्राची आणि राज्याची, दोन्हीकडची कार्यालयं खरेदी करतात. पोर्टल कुठलं यापेक्षा खरेदीदार कोण, हे महत्त्वाचं, कारण नियम त्यावरून ठरतात.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज म्हणजे ‘उद्यम आहे, मग बयाणा रक्कम माफ’. उद्यम म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगाची सरकारी नोंदणी आणि बयाणा म्हणजे बोलीसोबत ठेवायची अनामत. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीचं २०१२ चं सार्वजनिक खरेदी धोरण केंद्राची मंत्रालयं, विभाग आणि केंद्राचे सार्वजनिक उपक्रम यांना लागू आहे. त्यात किमान २५ टक्के खरेदी अशा उद्योगांकडून करायची आहे. तुमचा दर सर्वांत कमी दरापेक्षा १५ टक्क्यांच्या आत जास्त असेल, तर त्या कमी दराला उतरून मालाचा काही भाग पुरवण्याची संधीही त्यात मिळते. हेच धोरण जिल्हा परिषदेच्या निविदेला आपोआप लागू होत नाही. राज्याची खरेदी नियमपुस्तिका १ डिसेंबर २०१६ ची आहे आणि तिच्या तरतुदी वेगळ्या आहेत. बयाणा माफीचं कलम निविदेत स्पष्ट लिहिलेलं असेल तरच सवलत घ्या. नसेल तर रक्कम भरा. वाद घालायचाच तर तो टेंडरपूर्व बैठकीत घाला. लिफाफा उघडल्यावर त्याचा उपयोग नाही.

उद्यम प्रमाणपत्रावर काय लिहिलंय तेही बघा. नोंदणी करताना नुसता ‘ट्रेडिंग’चा एनआयसी कोड (व्यवसायाचा प्रकार सांगणारा क्रमांक) टाकलेला असेल, तर माग स्वतःचे असले तरी कागदावर तुम्ही व्यापारी ठरता. केंद्राच्या धोरणातली सवलत उत्पादकाला मिळते, व्यापाऱ्याला नाही. ही दुरुस्ती ऑनलाइन होते, पण ती टेंडर भरण्याआधी झालेली हवी.

जेमवरच्या बिडच्या शेवटी खरेदीदाराने जोडलेल्या जादा अटी असतात. पहिली दोन पानं वाचून बिड टाकणाऱ्यांना त्या नंतर कळतात. डिलिव्हरी कुठे, तपासणी कुठल्या प्रयोगशाळेत, नमुना किती दिवसांत, हे बहुतेक वेळा तिथेच लिहिलेलं असतं.

स्पेसिफिकेशनचे आकडे न जुळवणं

निविदेत लिहिलेलं असतं: टॉवेल ७० × १४० सेंमी, ४५० जीएसएम (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन), वजन प्रति नग ५०० ग्रॅम. हा टॉवेल विणता येणार नाही. ०.७० × १.४० म्हणजे ०.९८ चौरस मीटर, त्याला ४५० ने गुणलं की ४४१ ग्रॅम येतात. ५०० ग्रॅम पाळायचे तर जीएसएम ५१० होतो. एका नगामागे ५९ ग्रॅमचा फरक आहे, म्हणजे ५००० नगांत २९५ किलो सूत. दर काढताना तुम्ही ४४१ धरलेत आणि माल घेणाऱ्याने तराजूवर ५०० मागितले, तर हे २९५ किलो तुमच्या खिशातून जाणार.

असं आढळलं की प्रश्न लेखी विचारायचा. पोर्टलवर विचारा किंवा टेंडरपूर्व बैठकीत, पण ‘कोणतं मोजमाप ग्राह्य धरायचं आणि मोजमापात कमी-जास्त फरक किती टक्के चालेल’ इतकं नेमकं विचारा. उत्तर शुद्धिपत्रकातच आलं पाहिजे. साहेब फोनवर ‘चालतंय की’ म्हणाले, तर ते करारात येत नाही. साहेबांची बदली झाल्यावर तर अजिबात नाही.

आता जीएसएम मोजण्याबद्दल. गोल कटरने १०० चौरस सेंटिमीटरचा तुकडा कापायचा, ग्रॅममध्ये वजन करायचं आणि १०० ने गुणायचं. ४.५ ग्रॅम भरलं तर ४५० जीएसएम. म्हणजे तराजू ०.१ ग्रॅमने चुकला तर १० जीएसएमची चूक होते. त्यामुळे ०.०१ ग्रॅम दाखवणारा तराजू लागतो, दुकानातला काटा उपयोगाचा नाही. टॉवेलच्या काठाजवळचा तुकडा घेऊ नका. बॉर्डरला पाइल (वर आलेले सुताचे फासे) नसते आणि आकडा फसवा येतो. मधल्या भागातून, वेगवेगळ्या जागचे चार-पाच तुकडे घ्या.

तरीही कारखान्यात ४५५ आलेला नमुना प्रयोगशाळेत ४३५ दाखवू शकतो. पहिलं कारण सायझिंगची, म्हणजे विणण्याआधी सुताला लावलेली खळ. ताण्याच्या सुतावरची खळ आणि वरचं फिनिश धुण्यात निघून जातं, तसं वजन उतरतं. निविदेत ‘धुतल्यानंतर’ असा शब्द असेल, तर धुऊन वाळवलेला टॉवेलच मोजायचा. दुसरं कारण हवा. प्रयोगशाळेत कापड २७ अंश सेल्सिअस आणि ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला ठेवून मगच मोजतात. कापूस हवेतलं पाणी धरून ठेवतो. प्रमाणित स्थितीत त्याचा ओलावा ८.५ टक्के धरला जातो. पावसाळ्यात दमट शेडमध्ये तोच टॉवेल जड भरतो आणि एप्रिल-मेच्या कोरड्या सोलापूरात हलका. म्हणून ४५० ची अट असेल तर ४५० वर बेतू नका. धुऊन ४६५ च्या आसपास येईल असं विणा आणि त्याचं सूत दरात धरा. ही उधळपट्टी वाटते खरी, पण नाकारलेला ट्रक परत आणण्यापेक्षा ती स्वस्तच.

रंगाच्या बाबतीत दवाखान्याच्या मालाला वेगळा विचार लागतो. हॉस्पिटलची हिरवी-निळी चादर हायपोक्लोराइटमध्ये धुतली जाते. रिअॅक्टिव्ह रंगांपैकी बरेच क्लोरीनपुढे टिकत नाहीत, व्हॅट रंग टिकतात. रंगपक्केपणाची श्रेणी ‘४ किंवा अधिक’ एवढंच न वाचता ती कशाविरुद्ध आहे ते वाचा: धुलाई, घर्षण, घाम की क्लोरीन. व्हॅट डाइंगचा खर्च वेगळा आहे आणि तो नंतर मागता येत नाही.

नमुना देताना एकाच तुकड्यातून दोन कापा. एक कार्यालयात द्या, त्याची तारखेची पोच घ्या. दुसऱ्यावर तोच निविदा क्रमांक लिहून, सीलबंद करून स्वतःकडे ठेवा. पुढे ‘मंजूर नमुन्यासारखा माल नाही’ अशी तक्रार आली, तर हातात दाखवायला तेवढंच असतं.

पहिल्या लिफाफ्यातली कागदपत्रं

उलाढालीचा सीए दाखला यूडीआयएनशिवाय (दाखल्याच्या स्वतंत्र ओळख क्रमांकाशिवाय) जोडू नका. १ फेब्रुवारी २०१९ पासून सीएंनी दिलेल्या सगळ्या प्रमाणपत्रांवर तो क्रमांक लागतो आणि कार्यालय तो ऑनलाइन तपासू शकतं. ‘मागील तीन आर्थिक वर्षं’ कुठली, तेही दाखल्यात नेमकं लिहून घ्या. चालू वर्षाचं ऑडिट न झालेलं पत्रक निविदेने मागितलं नसेल तर भर म्हणून घालू नका, त्याने प्रश्नच वाढतात.

अनुभवासाठी बिलं आणि पुरवठा आदेश जोडले जातात, पण मागितलेलं असतं काम समाधानकारकरीत्या पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र. आदेश म्हणजे काम मिळालं, पूर्ण झालं असं नव्हे. हे प्रमाणपत्र माल पोचला की महिन्याभरात मागून ठेवा. तीन वर्षांनी त्या टेबलावर तुम्हाला ओळखणारं कुणी नसतं.

प्रतिज्ञापत्राचा जुना नमुना वापरत असाल तर मुद्रांक तपासा. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात १०० रुपयांच्या जागी ५०० रुपयांचं मुद्रांक शुल्क लागू झालं आहे.

बँक हमी देणार असाल तर मुदत मोजा. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांप्रमाणे बयाण्याची हमी बोलीच्या वैधतेनंतर साधारण ४५ दिवस चालायला हवी. बोली १२० दिवस वैध असेल तर हमी १६५ दिवसांची. बँकेने गोल आकडा म्हणून पाच महिन्यांची करून दिली की १५ दिवस कमी पडतात.

आणि एक सोलापुरी सवय. एकाच घरात वडिलांची, मुलाची आणि सुनेची अशा तीन फर्म, पत्ता एक, संगणक एक आणि एकाच टेंडरला तिन्ही बोली. ‘तीन कोटेशनं पूर्ण व्हायला हवीत’ म्हणून केलेला हा उद्योग स्पर्धा कायदा २००२ खाली संगनमत ठरू शकतो. तिन्ही फर्म काळ्या यादीत जाण्याचा धोका कशाला? एकाच नावाने भरा.

दर भरताना

दर करासह की कराविना, हे आधी ठरवा. जेमवर दर सगळे कर धरून असतो. महाटेंडर्सवरच्या बीओक्यूत, म्हणजे दर भरायच्या तक्त्यात, रकान्याच्या डोक्यावर लिहिलेलं असतं. करासह विचारलेल्या जागी १०० भरले आणि जीएसटी ५ टक्के असेल, तर तुमच्या हातात ९५.२४ येतात. टॉवेलात बऱ्याचदा नफाच तेवढा असतो. टॉवेल, बेडशीट हे जीएसटीच्या ६३०२ या मालवर्गात येतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपडे आणि अशा शिवलेल्या मालावर नगाला २५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के दर आहे. जाड ब्लँकेट सेट किंवा जॅकेटसह गणवेश या रेषेजवळ असेल तर हिशेब दोनदा करा.

पोच कुठे द्यायची ते वाचा. ‘जिल्ह्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रे’ असं लिहिलेलं असेल तर तो माल अकरा तालुक्यांत वाटायचा आहे. करमाळा आणि अक्कलकोट जिल्ह्याच्या दोन टोकांना आहेत. सगळा माल सिव्हिल हॉस्पिटलमध्ये एकदाच उतरवू या भरवशावर भाडं धरू नका. जेमच्या ऑर्डरमध्ये खरेदीदार नग २५ टक्क्यांपर्यंत वाढवू किंवा कमी करू शकतो, तोही त्याच दराने. दिवसाआड बदलणाऱ्या सुताच्या भावात ही जोखीम लहान नाही.

पोर्टलवरची घाई

महाटेंडर्सवर फाइली चढवल्या म्हणजे बोली गेली असं नाही. शेवटी ‘फ्रीझ बिड सबमिशन’ दाबून पोचपावती निघाली तरच ती दाखल होते. ती पावती लगेच पीडीएफमध्ये उतरवून ठेवा. वेळ पोर्टलच्या वरच्या घड्याळाची चालते, तुमच्या मोबाइलची नाही.

दर चुकला तर मुदतीच्या आत बोली पुन्हा सादर करता येते. घाबरून ‘विड्रॉ’ दाबू नका. एकदा माघार घेतली की त्या टेंडरमध्ये परत येता येत नाही.

बीओक्यूची एक्सेल फाइल जशी उतरवली त्याच नावाने परत चढवायची. नाव बदललं, दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून सेव्ह केली किंवा मॅक्रो बंद ठेवले, की पोर्टल ती नाकारतं. बाकी कागद १०० डीपीआयला, कृष्णधवल स्कॅन करा. रंगीत स्कॅनने फाइल फुगते आणि शेवटच्या तासात तीच चढत नाही.

बयाणा एनईएफटीने भरताना त्या बोलीसाठी निघालेलं चलनच वापरा, मागच्या टेंडरच्या चलनावरचा खाते क्रमांक नाही. पैसे गेले तरी पोर्टलवर नोंद व्हायला वेळ लागतो, म्हणून किमान दोन कामाचे दिवस आधी भरा. डिजिटल सही क्लास ३ ची लागते. ती ज्या यूएसबी टोकनमध्ये असते त्याचा पिन चुकीचा टाकत राहिलात तर ते लॉक होतं. आषाढी वारीआधी पंढरपूरसाठी अल्पमुदतीच्या निविदा निघतात, तेव्हा या गोष्टी दुरुस्त करायला दिवसच नसतात.

ऑर्डर आल्यावर

जेमवर उशिराला आठवड्याला अर्धा टक्का, जास्तीत जास्त १० टक्के दंड आहे. मुदतवाढ हवी असेल तर मुदत संपायच्या आत मागा.

अडीच लाखांवरच्या करारात सरकारी खरेदीदार जीएसटीपोटी २ टक्के टीडीएस कापतो. ती रक्कम जीएसटी पोर्टलवर स्वीकारल्याशिवाय तुमच्या कॅश लेजरमध्ये (तिथल्या तुमच्या जमा खात्यात) येत नाही. कित्येकांची ती तशीच पडून असते.

बिल अडलं तर २००६ चा एमएसएमई कायदा सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला ४५ दिवसांची कमाल मुदत देतो. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढ व्याज मागता येतं. तक्रार एमएसएमई मंत्रालयाच्या ऑनलाइन पोर्टलवर करायची. उद्यम नोंदणी करारानंतर केलेली असेल तर हा दावा वादात अडकतो, म्हणून ती आधीची हवी. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर मिळाल्याचा दिवसच स्वीकृतीचा धरला जातो. त्यामुळे प्रत्येक केंद्रावर डिलिव्हरी चलनाच्या प्रतीवर सही, शिक्का, नगसंख्या आणि तारीख घेऊनच ड्रायव्हरला निघू द्या.