लिव्हर ट्रान्सप्लांट सांगितलंय? मग आता काय-काय करायचं

डॉक्टरांनी "ट्रान्सप्लांटचा विचार करा" म्हटलं की घरात पहिलं वाक्य येतं, अजून थोडं थांबून बघू. दादाच्या वेळी आम्हीपण हेच केलं. पाच महिने थांबलो, कुणीतरी कावीळ उतरवणाऱ्याचा पत्ता दिला तिकडे जाऊन आलो, काढे झाले, गुळवेल झाली, आणि शेवटी ट्रान्सप्लांट सेंटरला पोचलो तेव्हा दादा स्वतःच्या मुलीला ओळखत नव्हता. तो वाचला, वहिनीनं लिव्हरचा भाग दिला, पण ते पाच महिने मला अजून टोचतात, म्हणून आत्ता ज्यांच्या घरी हे चाललंय त्यांच्यासाठी लिहितोय.

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं करा की ट्रान्सप्लांट सेंटरला दाखवायला जाणं म्हणजे ऑपरेशनला हो म्हणणं नाही. नुसतं दाखवून, फाईल उघडून ठेवायची, बऱ्याच जणांना औषधांवर थांबवतात सुद्धा. सिरॉसिसच्या (लिव्हर कडक होऊन आकसत जाण्याच्या आजाराच्या) पेशंटला पोटात पाणी झालं, रक्ताची उलटी झाली, शी डांबरासारखी काळी झाली, दिवसा झोप आणि रात्री जाग असा उलटा प्रकार सुरू झाला किंवा बोलण्यात गोंधळ यायला लागला, यातलं एक जरी झालं तरी त्याच आठवड्यात अपॉइंटमेंट घ्या, आणि रक्ताची उलटी, काळी शी किंवा गोंधळ असेल तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी ॲडमिट करा. डॉक्टरांना मेल्ड स्कोअर विचारा, म्हणजे लिव्हर किती खराब झालंय ते सांगणारा आकडा, जितका जास्त तितकं वाईट. बिलिरुबिन (कावीळ), आयएनआर (रक्त गोठायला लागणारा वेळ), क्रिएटिनिन (किडनी) आणि हल्ली सोडियमपण धरून तो काढतात, 6 ते 40 असा असतो, साधारण 15 च्या वर गेला की ट्रान्सप्लांटचं बोलणं सुरू होतं. पण स्कोअर कमी आहे म्हणून निवांत राहू नका, पाणी वारंवार काढावं लागत असेल तर तेवढं कारण पुरेसं आहे.

आणि एक वेगळा प्रकार असतो, आधी धडधाकट असलेल्या माणसाचं लिव्हर काही दिवसांतच बंद पडतं. हिपॅटायटिस ए किंवा ई, उंदराचं विष, पॅरासिटामॉलचा जादा डोस अशी कारणं असतात. कावीळ आहे आणि माणूस असंबद्ध बडबडतोय, तर थेट ट्रान्सप्लांटची सोय असलेल्या हॉस्पिटलला न्या, तिथे तासांचा हिशोब असतो. अशा पेशंटला सुपर अर्जंट यादीत घेता येतं.

ऑपरेशनपर्यंत पेशंटला टिकवणं हे घरच्यांचं काम. मीठ कमी म्हणजे पापड, लोणचं, फरसाण बंद. पण प्रोटीन बंद करू नका, ही चूक घरोघरी होते, लिव्हर खराब म्हणून नुसती पेज देतात आणि माणूस वाळत जातो. डाळ, पनीर, चालत असेल तर अंडं, डायटिशियनला विचारून भरपूर द्या, रात्री झोपताना काहीतरी खायला द्या, आणि उपवास कितीही जुना असो, सोडायला लावा. लॅक्टुलोज (पोट साफ ठेवणारं पातळ औषध) दिलं असेल तर दिवसाला दोन-तीन वेळा मऊ शी होईल एवढा डोस हवा. अंग दुखतंय म्हणून मेडिकलमधून पेनकिलर आणू नका, किडनीवर जातं. दारूमुळे झालं असेल तर थेंबसुद्धा नको, बरीच सेंटर्स सहा महिने बंद असल्याचं बघतात.

आता लिव्हर कुठून मिळणार? एक म्हणजे ब्रेनडेड माणसाकडून, त्यासाठी हॉस्पिटलमार्फत आपल्या विभागाच्या झेडटीसीसीकडे (अवयव वाटप बघणाऱ्या केंद्राकडे) नाव नोंदवायचं, महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला ही केंद्रं आहेत. नंबर कधी लागेल ते कुणीच सांगू शकत नाही, त्यामुळे नाव नोंदवा आणि सोबत घरातला डोनरपण बघा, आपल्या देशात बहुतेक लिव्हर ट्रान्सप्लांट जिवंत डोनरकडूनच होतात.

डोनरचं ब्लड ग्रुप जुळणं मुख्य, ओ कुणालाही देऊ शकतो, एबीला कुणाचंही चालतं, प्लस-मायनसचा फरक पडत नाही. वय साधारण 18 ते 55, तब्येत चांगली हवी. फॅटी लिव्हर निघालं तर लगेच हताश होऊ नका, वेळ असेल तर काही आठवड्यांच्या डाएट आणि चालण्यानं फरक पडतो. मोठ्या माणसासाठी बहुधा उजवा भाग काढतात, लिव्हरच्या निम्म्याहून जास्त, आणि उरलेलं दोन-तीन महिन्यांत बऱ्यापैकी भरून येतं. तरी डोनरला धोका शून्य नाही, जीव जाण्याचा धोका साधारण 200 ते 500 मध्ये एक एवढा धरतात. हे डोनरला एकटं बसवून सांगा. आपल्याकडे देणाऱ्या जास्त करून बायकाच असतात, आई, बायको, बहीण, आणि सगळे बघत असताना नाही म्हणणं त्यांना जमत नाही. डोनर शेवटच्या क्षणापर्यंत नकार देऊ शकतो, ही गोष्ट घरच्या मोठ्यांनी स्वतः तोंडानं बोलून दाखवावी असं माझं ठाम मत आहे.

कायद्यानं जवळचे नातेवाईक म्हणजे नवरा-बायको, आई-वडील, मुलं, भावंडं, आजी-आजोबा आणि नातवंडं. सून, जावई, वहिनी, चुलतभाऊ यात येत नाहीत, त्यांना ऑथोरायझेशन कमिटीपुढे (अवयव द्यायला परवानगी देणाऱ्या समितीपुढे) जावं लागतं. (आमच्या वहिनीनं दिलं ते दादाची बायको म्हणून.) आधार, रेशनकार्ड, जन्मदाखले, मॅरेज सर्टिफिकेट, लग्नाचा फोटो हे सगळं पहिल्याच दिवशी एका फाईलीत लावा, स्पेलिंग जुळत नसेल तर ॲफिडेव्हिटला दिवस जातात. ग्रुप जुळत नसेल तर स्वॅप विचारा, दोन कुटुंबांनी एकमेकांच्या पेशंटला द्यायचं.

पैशाचं, प्रायव्हेटला ढोबळमानानं 20 ते 30 लाख धरा, पुढची औषधं वेगळी. हॉस्पिटलच्या सोशल वर्करला पहिल्याच भेटीत गाठा. मुख्यमंत्री सहायता निधी, पंतप्रधान राष्ट्रीय सहायता निधी, सिद्धिविनायक न्यास, सगळीकडे एकदमच अर्ज टाका, एकाची वाट बघत बसू नका. धर्मादाय हॉस्पिटलमध्ये 10 टक्के खाटा निर्धनांसाठी आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात, उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथे स्पष्ट मागा.

ऑपरेशन 8 ते 12 तास चालतं, पेशंट दोन-तीन आठवडे आत, डोनर साधारण आठवडाभर. चांगल्या सेंटरला वर्षभरानंतर 85 ते 90 टक्के पेशंट जिवंत असतात. मग जन्मभर टॅक्रोलिमस, म्हणजे शरीरानं नवं लिव्हर नाकारू नये म्हणून द्यायची गोळी. तिची रक्तातली लेव्हल तपासायची असेल त्या सकाळी गोळी रक्त दिल्यानंतर घ्यायची. पपनस आणि ग्रेपफ्रूट कायमचं बंद, त्यानं औषधाची लेव्हल वाढते, काढे-चूर्णंपण नकोत. ताप आला तर घरी क्रोसिन देऊन थांबायचं नाही, सेंटरला फोन करायचा. दादाच्या मोबाईलला सकाळी नऊ आणि रात्री नऊचा अलार्म आहे, वहिनीच्यापण, आणि मुलीच्यापण.